खुलं किती, मोजलं किती: तुळजापूरहून दिसणारा मुक्त प्रकाशनाचा प्रश्न

१५ मार्च २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाला एक अहवाल सादर झाला. महाराष्ट्रातल्या शेतकरी आत्महत्यांची कारणं शोधणारा हा अहवाल टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या, म्हणजे टिसच्या, तुळजापूर इथल्या ग्रामीण परिसरात तयार झाला होता. अजय दांडेकर आणि त्यांचे सहकारी त्याचे लेखक. शेतीतल्या अरिष्टावर पुढे जे लिहिलं गेलं, त्यात हा अहवाल वारंवार उद्धृत झालेला दिसतो. तो कुठल्या नियतकालिकातून आला नव्हता. पीडीएफच्या रूपात तो एका संगणकावरून दुसऱ्यावर जात राहिला. वाचणाऱ्याला वर्गणी पडली नाही आणि लिहिणाऱ्यालाही शुल्क पडलं नाही.

आता समजा कुणी विचारलं, टिसचं किती टक्के संशोधन मुक्त आहे, म्हणजे कुणालाही इंटरनेटवर फुकट वाचता येतं? त्या टक्केवारीत हा अहवाल अंशातही येणार नाही आणि छेदातही नाही. ही टक्केवारी काढणारी साधनं नियतकालिकांतले लेख मोजतात, आणि त्यातही डीओआय नावाचा कायमचा क्रमांक ज्यांना मिळाला आहे तेच प्रामुख्याने.

संस्थेचा मुक्त प्रकाशनाचा दर हा आकडा गेल्या काही वर्षांत जगभर विद्यापीठांच्या मूल्यमापनात शिरला आहे. भारतात त्याच सुमारास तीन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले: वाचायला मिळतं का, छापायला किती पडतं, आणि हिशेबात कुणाचं धरलं जातं. पुढचा आढावा हे तीन प्रश्न शक्य तितके सुटे करून पाहतो.

वाद सुरू कुठून झाला

शोधनिबंधांचा व्यापार बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतो. अभ्यासक लेख लिहितो, त्याचा मोबदला घेत नाही. त्याच विषयातले दुसरे दोघेतिघे तो तपासतात, तेही बहुतेक वेळा विनामोबदला. मग प्रकाशक तो छापून त्याच अभ्यासकांच्या ग्रंथालयांना वर्गणीने विकतो. ग्रंथालयांचं अनुदान वर्गणीच्या बरोबरीने वाढत होतं तोवर हे चाललं. १९८० आणि १९९० च्या दशकांत वर्गण्या झपाट्याने वाढल्या आणि श्रीमंत देशांतल्या विद्यापीठांनाही नियतकालिकं बंद करावी लागली. आपल्याकडच्या ग्रंथालयांत तर त्यातली बरीचशी कधी पोचलीच नव्हती.

इंटरनेटने पर्याय दिला. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत पॉल गिन्सपार्ग यांनी भौतिकशास्त्रज्ञांसाठी अर्काइव्ह हे भांडार सुरू केलं; छापून येण्याआधीच लेख तिथे सर्वांसाठी ठेवता येऊ लागला. फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्ट जाहीरनामा आला आणि ओपन अॅक्सेस या कल्पनेला व्याख्या मिळाली. पुढच्या वर्षी, २००३ मध्ये, बेथेस्डा आणि बर्लिन इथले जाहीरनामे त्यात जोडले गेले.

त्यातून निघालेल्या वाटांना रंगांची नावं पडली, आणि आज कुठल्याही ग्रंथपालाच्या तोंडी ती असतात. लेखकाने आपल्या लेखाची स्वीकृत प्रत संस्थेच्या भांडारात ठेवली तर तो हिरवा मार्ग. नियतकालिकच सर्वांना खुलं असेल तर सोनेरी. यात पुष्कळदा लेखकाकडून शुल्क घेतात, त्याला एपीसी म्हणतात. वाचकालाही फुकट आणि लेखकालाही फुकट, खर्च संस्थेचा किंवा विद्वत्सभेचा, तो हिरा. वर्गणीच्या नियतकालिकात पैसे भरून आपला एकच लेख खुला करून घेणं म्हणजे हायब्रिड. आणि प्रकाशकाने परवाना वगैरे काही न सांगता नुसताच उघडा ठेवलेला लेख ब्राँझ. तो उद्या बंदही होऊ शकतो.

भारतातली, आणि मुंबईतली, सुरुवात

या वादात भारत उशिरा आला असं अनेकांना वाटतं. ते तसं नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचं ई-प्रिंट्स भांडार २००२ चं आहे. राउरकेलाच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेने २००६ मध्ये आपल्या अध्यापकांना लेख भांडारात ठेवणं बंधनकारक केलं. भारतीय विज्ञान अकादमीची नियतकालिकं आंतरजालावर सर्वांना वाचता येत होती. चेन्नईचे सुब्बय्या अरुणाचलम यांच्यासारखे माहितीशास्त्रज्ञ तेव्हापासून एकच गोष्ट सांगत आले आहेत: जनतेच्या पैशातून झालेलं संशोधन जनतेला दिसलं पाहिजे, आणि त्यासाठी हिरवा मार्ग पुरेसा आहे.

मुंबईचा वाटा यात खास आहे आणि त्याची आठवण कमी काढली जाते. सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय आणि के. ई. एम. रुग्णालय यांच्या स्टाफ सोसायटीचं १९५५ पासूनचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' या शतकाच्या सुरुवातीलाच आंतरजालावर पूर्ण खुलं झालं. त्यामागे डॉ. डी. के. साहू यांनी सुरू केलेली मेडनो ही मुंबईची प्रकाशनसंस्था होती. वाचकाला जालावर फुकट, लेखकाला शुल्क नाही, आणि छापील अंकाची वर्गणी व जाहिराती यांवर खर्च भागवायचा, असं तिचं गणित होतं. खुलं केलं तर वर्गणीदार पळतील ही भीती तिने बऱ्याच अंशी खोटी ठरवली. कितीतरी भारतीय वैद्यकीय नियतकालिकं मेडनोकडे आली. २०११ मध्ये वोल्टर्स क्लूवर या बहुराष्ट्रीय प्रकाशकाने मेडनो विकत घेतली. या घटनेचे दोन अर्थ लावले जातात. कुणी म्हणतं, भारतीय प्रारूप जगाने मान्य केलं त्याची ही पावती. कुणी म्हणतं, घरचं एक चालतं घर हातचं गेलं. दोन्हींत तथ्य आहे.

सरकारी पातळीवर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१३ मध्ये, तर जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांनी मिळून डिसेंबर २०१४ मध्ये मुक्त प्रवेशाचं धोरण जाहीर केलं. या दोन विभागांच्या पैशातून झालेल्या संशोधनाची स्वीकृत प्रत भांडारात ठेवावी, असं ते सांगतं. धोरण चांगलं आहे, पण अंमलबजावणी ढिली राहिली. लेख ठेवला नाही तर पुढचं अनुदान अडेल असं सहसा घडत नाही. शिवाय ज्या संशोधनाला या खात्यांचा पैसा नाही त्याला ते लागूच होत नाही, आणि समाजशास्त्रांतलं बरंचसं काम तसंच असतं.

त्या मानाने प्रबंधांच्या बाबतीत गाडी पुढे गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं शोधगंगा हे भांडार उभं राहिलं. आज मराठवाडा विद्यापीठातला मराठी प्रबंधही तिथे उघडून वाचता येतो. प्रबंधांच्या दर्जाबद्दल जे बोललं जातं तेही त्यामुळेच पुराव्यानिशी बोलता येतं, हा एक अनपेक्षित फायदा.

टिस, तुळजापूर आणि छापण्याच्या सवयी

टिसची स्थापना १९३६ ची, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या नावाने, मुंबईत नागपाड्याला. १९४४ मध्ये आजचं नाव आलं, १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा. संस्थेचं 'इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क' १९४० पासूनचं आहे. तुळजापूरचा ग्रामीण परिसर १९८० च्या दशकातला. दुष्काळ, स्थलांतर, शेती आणि ग्रामविकास हे तिथल्या कामाचे विषय आपोआपच ठरले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा उद्ध्वस्त केला, तेव्हा पुनर्वसनाच्या कामात टिस उतरली होती.

अशा संस्थेचं संशोधन कोणत्या रूपात बाहेर पडतं? काही शोधनिबंध इंग्रजी नियतकालिकांत जातात, काही संपादित पुस्तकांतल्या प्रकरणांत. मोठा भाग मात्र अहवालांत असतो: शासनाच्या खात्यासाठी केलेलं मूल्यमापन, न्यायालयाने मागवलेला अभ्यास, निधी देणाऱ्या संस्थेसाठी केलेली पाहणी. ग्रंथालयशास्त्रात याला ग्रे लिटरेचर म्हणतात. यातलं काही आपोआप खुलं असतं, काही खात्याच्या कपाटात जाऊन बसतं. ते खुलं करायचं की नाही हे लेखक ठरवत नाही. ज्याने काम करवून घेतलं तो ठरवतो.

दर काढतात कसा

दर काढण्याची पद्धत दिसायला सोपी आहे. संस्थेच्या नावावर असलेल्या लेखांची यादी स्कोपस, वेब ऑफ सायन्स किंवा ओपनअॅलेक्ससारख्या सूचीतून काढायची, प्रत्येक लेखाचा डीओआय अनपेवॉल या साधनाला द्यायचा, आणि कुठे वैध खुली प्रत सापडते का ते पाहायचं. हेदर पिवोवर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये या पद्धतीने केलेला अभ्यास या क्षेत्रातला मैलाचा दगड मानतात. एकूण शोधसाहित्यातलं किमान २८ टक्के खुलं आहे, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लेखांत हे प्रमाण ४५ टक्के, असं त्यांना आढळलं. भारतापुरता २०१९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आलेला एक अभ्यास सांगतो की २०१४ ते २०१८ या काळातले भारतीय लेख सुमारे २४ टक्के खुले होते. जागतिक सरासरी तेव्हा सुमारे ३० टक्के होती.

दोन अभ्यासांत जागतिक प्रमाण वेगवेगळं का येतं? सूची वेगळी, वर्षं वेगळी, ब्राँझ धरायचं की नाही याबद्दलचा निर्णय वेगळा. टक्केवारी वाचताना आधी छेद पाहावा लागतो, आणि समाजशास्त्रांत छेदच सर्वांत डळमळीत आहे. या सूचींत भारतीय भाषांतली नियतकालिकं जवळजवळ नाहीत. पुस्तकं अर्धवट आहेत, अहवाल नाहीत. राहता राहिले इंग्रजी लेख. म्हणजे ग्रामीण परिसरातल्या एखाद्या अध्यापकाने पाच वर्षांत दोन अहवाल, एक मराठी पुस्तक आणि एक इंग्रजी लेख लिहिला, आणि तो लेख वर्गणीच्या नियतकालिकात असला, तर त्याचा मुक्त प्रकाशनाचा दर शून्य येतो. अहवाल आणि पुस्तक गावोगाव वाचलं गेलं असलं तरीही.

दुसरी अडचण परिसराच्या ओळखीची. सूची संस्थेच्या नावाने हिशेब ठेवते. लेखकाने पत्त्यात काय लिहिलं यावर काम तुळजापूरचं की मुंबईचं हे ठरतं, आणि पुष्कळदा ते मूळ संस्थेच्या एकाच खात्यात जमा होतं. मुंबई, तुळजापूर, गुवाहाटी, हैदराबाद असे परिसर वेगळे पाहायचे तर हाताने यादी करण्यावाचून गत्यंतर नाही. त्यात तुळजापूरच्या जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं; शोध घेणाऱ्याने दोन्ही नावं टाकली नाहीत तर अर्धं साहित्य निसटतं. ग्रंथपालांना हा त्रास नवा नाही, बॉम्बे-मुंबई त्यांनी आधी निभावलेलं आहे.

या टीकेवरचं उत्तरही ऐकायला हवं. मोजणारे म्हणतात, अपुरं का होईना, माप असल्याशिवाय सुधारणा होत नाही. आणि दरवर्षी एकाच पद्धतीने मोजलं तर निदान दिशा कळते. हे मान्य करण्यासारखं आहे. एका संस्थेचा कल पाहायला हा आकडा उपयोगी पडतो. दोन भिन्न प्रकृतीच्या संस्थांची तुलना करायला मात्र तो कामाचा नाही, असं माझं मत.

पैसे कोणी भरायचे

सोनेरी मार्ग रुळला तसं ओझं वाचकाकडून लेखकाकडे सरकलं. 'नेचर'ने २०२१ पासून एक लेख खुला करण्यासाठी ९,५०० युरो शुल्क लावलं, म्हणजे तेव्हाच्या दराने आठ लाख रुपयांहून अधिक. सगळीकडे इतकं नसतं. हजार ते तीन हजार डॉलर हा अनेक प्रतिष्ठित नियतकालिकांचा पट्टा आहे. अत्यंत गरीब देशांतल्या लेखकांना मोठे प्रकाशक शुल्कमाफी देतात. अर्थव्यवस्थेचा आकार मोठा म्हणून भारत साधारणपणे त्या यादीत बसत नाही. म्हणजे श्रीमंतांत गणना होत नाही आणि माफीही मिळत नाही.

भारत किती भरतो याचे काही अंदाज आहेत. अरुणाचलम आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये वर्षाला सुमारे २४ लाख डॉलर असा हिशेब मांडला होता. पुढे २०२० सालासाठी केलेल्या एका अंदाजात हा आकडा सुमारे १.७ कोटी डॉलरवर गेला. प्रयोगशाळेच्या प्रकल्पात छपाईचं शुल्क अंदाजपत्रकात घालता येतं. समाजशास्त्रातल्या माणसाला ती सोय सहसा नसते. त्याचा प्रकल्प पाच-दहा लाखांचा, त्यातले बहुतेक पैसे गावांत फिरणाऱ्या पाहणी-सहायकांच्या मानधनात आणि प्रवासात जातात.

या शुल्काच्या बाजूने प्रकाशकांचं म्हणणं असं: हस्तलिखितांची छाननी, परीक्षकांशी पत्रव्यवहार, संपादन, कायमची साठवण, वाङ्मयचौर्याची तपासणी या सगळ्याला खर्च आहे, आणि तो वाचकाकडून नाही तर कुणाकडून तरी यायला हवा. छोट्या विद्वत्सभांचं तर सारं कामच नियतकालिकाच्या उत्पन्नावर चालतं. विरोधी बाजू विचारते, खर्च आहे हे खरं, पण किंमत त्या खर्चावर ठरते की नावाच्या प्रतिष्ठेवर? लॅटिन अमेरिकेचं उदाहरण इथे नेहमी दिलं जातं. ब्राझीलमध्ये १९९० च्या दशकाअखेर सुरू झालेल्या सायेलो या नियतकालिकांच्या ऑनलाइन व्यासपीठाने सार्वजनिक पैशावर शेकडो नियतकालिकं खुली ठेवली. डीओएजे या खुल्या नियतकालिकांच्या जागतिक निर्देशिकेतली बहुसंख्य नियतकालिकंही लेखकाकडून काहीच घेत नाहीत, ही बाब आपल्याकडच्या चर्चेत क्वचितच येते. खुलं म्हणजे पैसे भरून, असं समीकरण आपण उगाच धरून बसलो आहोत.

युरोपातल्या निधीदात्यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये प्लॅन एस जाहीर केला: आमच्या पैशातलं संशोधन पहिल्या दिवसापासून खुलं हवं. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राचे तेव्हाचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार के. विजयराघवन यांनी भारतही त्यात जाणार असं सांगितलं, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपर्यंत तो विचार मागे पडला. लेखकाने भरायच्या शुल्काचा बोजा हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. अलीकडे गेट्स फाउंडेशननेही २०२५ पासून एपीसी देणं थांबवलं आणि आधी प्रीप्रिंट, म्हणजे छपाईआधीची प्रत, खुली ठेवा असा आग्रह धरला. वारं थोडं हिरव्या मार्गाकडे फिरलेलं दिसतं.

बनावट नियतकालिकांचं सावट

लेखकाकडून पैसे घेण्याच्या पद्धतीची काळी बाजू भारतात ठळकपणे दिसली. तपासणीचं नाटक करून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांवर शेन आणि ब्यर्क यांनी २०१५ मध्ये अभ्यास केला. २०१४ साली अशा ठिकाणी जगभरात सुमारे ४.२ लाख लेख आले, सरासरी शुल्क १७८ डॉलर होतं, आणि त्यांच्या नमुन्यातले प्रकाशक २७ टक्के तर लेखक सुमारे ३५ टक्के भारतातले होते. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशनगृहाला अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली.

मागणी का होती हे महाविद्यालयातल्या कुणालाही विचारावं. पदोन्नतीला एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीच्या निर्देशांकाचे, गुण हवे होते, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनी पीएच.डी.लाही छापील लेखाची अट घातली होती. अयोग्य नियतकालिकांच्या भरण्यावर आयोगाने मान्यताप्राप्त यादीचा उपाय केला. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये ती यादी तपासली. विद्यापीठांच्या शिफारशीने आत आलेल्या आणि इतर सूचींत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. मे २०१८ मध्ये आयोगाने चार हजारांहून अधिक नावं काढली. मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या समन्वयाने यूजीसी-केअर यादी आली, २०२२ च्या विनियमांनी पीएच.डी.ची छपाईची अट गेली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाली. आता निवड विद्यापीठांनी करायची, आयोग फक्त निकष सुचवणार.

या घटनाक्रमाने एक गोष्ट झाली: कित्येक अध्यापकांच्या मनात खुलं म्हणजे हलकं असं बसलं. विद्यार्थी खुल्या नियतकालिकात लेख पाठवायला कचरतो, मार्गदर्शक नको म्हणतात. या गैरसमजाची किंमत चांगल्या, शुल्क न घेणाऱ्या खुल्या नियतकालिकांना मोजावी लागते.

एक देश, एक वर्गणी

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेला मान्यता दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० मोठे प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक संस्था, आणि सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, अध्यापक व संशोधक. काम इन्फ्लिबनेटकडे, लाभ १ जानेवारी २०२५ पासून.

समर्थकांचं म्हणणं वजनदार आहे. आयआयटीच्या विद्यार्थ्याला आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला एकच कपाट उघडं होतं. आजवर ग्रंथालयांचे वेगवेगळे संघ आपापल्या वाटाघाटी करत होते. एकत्र खरेदीत सौद्याची ताकद येते. योजनेत निवडक खुल्या नियतकालिकांत छापण्यासाठी वर्षाला १५० कोटींच्या साहाय्याचीही तरतूद सांगितली गेली आहे. केंद्राच्या अनुदानावर चालणारी टिससारखी संस्था योजनेत बसते, आणि मग तुळजापूरच्या विद्यार्थ्याला वाचनासाठी मुंबईच्या ग्रंथालयाची वाट पाहावी लागत नाही.

आक्षेप वेगळ्या पातळीवरचे आहेत. जग वर्गणीकडून खुल्याकडे चाललं असताना इतका मोठा पैसा वर्गणीत घालावा का, हा पहिला. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेच्या पैशातलं संशोधन १ जुलै २०२५ पासून मुदत न ठेवता खुलं करणं बंधनकारक झालं. म्हणजे आपण ज्यासाठी पैसे देतो त्यातलं काही तसंही खुलं होत आहे. दुसरा आक्षेप असा की या योजनेने भारतीयाला जगाचं वाचता येतं, पण भारतीयाचं लिहिलेलं जगाला, किंवा संस्थेबाहेरच्या भारतीयालाही, वाचता येत नाही. धाराशिवचा वकील, बचत गटासोबत काम करणारी कार्यकर्ती, तालुक्याचा पत्रकार यांच्यासाठी भिंत तिथेच आहे.

तिसरा मुद्दा मराठवाड्यापुरता मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. योजनेचा पहिला टप्पा केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गावातलं महाविद्यालय बहुधा शिक्षण संस्थेचं, अनुदानित असतं. पगार सरकारचा, व्यवस्थापन संस्थेचं. अशा महाविद्यालयांना आजवर इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट ही अल्प शुल्काची योजना आधार होती, पण तिचं कपाट लहान. म्हणजे एकाच गावात टिसचा विद्यार्थी एका रांगेत आणि अनुदानित महाविद्यालयाचा विद्यार्थी दुसऱ्या रांगेत, असं होऊ शकतं.

ज्यांना कुठलीच रांग मिळत नव्हती ते साय-हबकडे गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या या बेकायदा भांडारातून सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या सहा महिन्यांत भारतातून ३४ लाख लेख उतरवले गेले. डिसेंबर २०२० मध्ये एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला आणि २०२५ मध्ये संकेतस्थळ रोखण्याचा आदेश झाला. त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपीच्या खटल्यात अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतल्या भागांच्या झेरॉक्स प्रती काढायला मोकळीक दिली होती. शिकवण्यासाठीचा अपवाद ऑनलाइन साहित्याला किती लागू, याचा निर्णायक उलगडा अजून झालेला नाही.

समाजशास्त्रांचं आणि मराठीचं निराळेपण

खुलं करणं नेहमीच निर्विवाद चांगलं, असं विज्ञानात म्हणणं सोपं आहे. गावपाहणीत तसं नसतं. ज्या घरात आत्महत्या झाली त्या घरातल्या बाईने सांगितलेलं, सावकाराचं नाव घेऊन सांगितलेलं, जातीवरून बोललेलं असं सगळं टिपणवहीत असतं. निबंध खुला करणं आणि त्यामागची आधारसामग्री खुली करणं या दोन गोष्टींत म्हणूनच फरक करायला हवा. निधीदाते हल्ली दोन्ही मागतात. छोट्या गावात नाव गाळूनही माणूस ओळखू येतो, हे तिथे काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

आपल्याकडे समाजशास्त्रांचं एक मोठं व्यासपीठ 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' आहे, मुंबईहून निघणारं, १९६६ पासून या नावाने. ते लेखकाकडून शुल्क घेत नाही आणि वर्गणीवर चालतं. रंगांच्या वर्गीकरणात ते धड कुठेच बसत नाही, आणि तरी सामान्य वाचकापर्यंत पोचण्यात ते कित्येक सोनेरी नियतकालिकांच्या पुढे आहे. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने आपले वर्किंग पेपर आधीच खुले ठेवण्याचा परिपाठ घातला. पुण्याच्या गोखले संस्थेने धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयातली दुर्मीळ पुस्तकं स्कॅन करून जालावर ठेवली. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ग्रंथसंजीवनी हे डिजिटल भांडार तसंच. राज्याचा विश्वकोश आणि जिल्हा गॅझेटियर कुणालाही वाचता येतात. हे सारं खुलं आहे, वापरलं जातं, आणि कुठल्याही संस्थेच्या मुक्त प्रकाशनाच्या दरात धरलं जात नाही.

काय अनिर्णित आहे

हिरवा मार्ग आजही सर्वांत स्वस्त आहे. सेजसारखा प्रकाशक स्वीकृत प्रत संस्थेच्या भांडारात लगेच ठेवू देतो. समाजशास्त्रांत इतर काही प्रकाशकांची मुदत बारा ते अठरा महिन्यांची असते. तरीही बहुसंख्य भांडारं अर्धी रिकामी राहतात, कारण ते काम अध्यापकाच्या कामाच्या तासांत कुठेच धरलेलं नाही. ग्रंथपालाने करायचं की लेखकाने, हा साधा प्रश्न बहुतेक संस्थांत सुटलेला नाही. संस्थेने लेखकाला हक्क राखून ठेवायला सांगावं का, याबद्दल युरोपात धोरणं आली. आपल्याकडे ती चर्चा नुकती सुरू झाली आहे.

२०२७ नंतर काय, हा दुसरा प्रश्न. तीन वर्षांची वर्गणी संपेल तेव्हा तिचा वापर किती आणि कुठे झाला याची आकडेवारी वाटाघाटीत उपयोगी पडेल. पुढच्या टप्प्यात खाजगी आणि अनुदानित संस्था येतील का, हेही तेव्हाच ठरेल.

तिसरा प्रश्न अहवालांचा. शासनाच्या पैशातून झालेलं मूल्यमापन अमुक मुदतीत जाहीर करावं अशी अट करारात घातली तर ग्रामीण परिसरांचं कितीतरी काम आपोआप खुलं होईल. त्याला विरोध करणाऱ्यांचीही बाजू आहे: प्रत्येक अहवाल जाहीर होणार म्हटल्यावर खाती कडक निष्कर्ष मागवणंच बंद करतील.

आणि मराठी नियतकालिकं. वाईचं 'नवभारत', 'समाज प्रबोधन पत्रिका', विद्यापीठांच्या विभागांतून निघणारी त्रैमासिकं यांचे जुने अंक शोधायचे तर अजून व्यक्तिगत ओळख किंवा रद्दीवाला कामी येतो. डीओआय घेण्यासाठी सभासदत्व, लेखाचं नोंदपत्रक, आणि अंक सांभाळणारा सर्व्हर इतकं हवं. दरवर्षीचा खर्च एखाद्या विशेषांकाच्या छपाईपेक्षा जास्त नाही. तो कुणी उचलायचा, यावर संपादक विद्यापीठांकडे बोट दाखवतात आणि विद्यापीठं आयोगाकडे.